ठकीचा आवाज

सत्तावीस वर्षे बालवर्ग सांभाळून माझा आवाज कायमचा चढला आहे. घरात मी नुसते 'मीठ संपलं' म्हटले, तरी शेजारच्या काकू वाटीत मीठ घेऊन दारात उभ्या राहतात. घरच्यांचे म्हणणे असे, की माझ्या कादंबऱ्या छापण्याचा खर्च प्रकाशकाने उगीच केला. मी गच्चीवर उभी राहून त्या वाचल्या असत्या, तरी निम्म्या कोल्हापुराने ऐकल्या असत्या.

थट्टेला माझी हरकत नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. माझे वडील त्याला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत आणि मॅट्रिक झालेल्या मुलीने घरी बसू नये असेही म्हणत. म्हणून विसाव्या वर्षी मी एका खासगी बालवाडीत शिकवू लागले, ती आजतागायत तिथेच आहे. पदवी नाही, पदविका नाही. चाळीस पोरांपुढे उभे राहायला जवळ होता तो एक आवाज. त्याच्या जोरावर मी निभावले. त्यामुळे ज्या मुलाला आवाज नाही त्याची मला पहिल्यापासून काळजी वाटे. आणि काळजीच्या पोटी माणूस कधीकधी किती अन्याय करतो, ती ही हकिगत आहे.

सन २००० च्या जूनमध्ये माझ्या वर्गात एक मुलगी आली. वडील शाहूपुरीत गुळाच्या एका अडतीवर दिवाणजी, आई घरी शिवणकाम करणारी. मुलीला दोन घट्ट वेण्या, डोळ्यांत काजळ, आणि तोंडातून अक्षर म्हणून निघायचे नाही. हजेरी घेताना तिचा 'हजर' मला कधी ऐकू आला नाही. ओठ हलले, की मी खूण करायची. बाकीची मुले आरडाओरडा करीत असताना ही दोन्ही हात मांड्यांखाली दाबून समोर बघत बसायची. तिला पाहून मला आमच्या घरातल्या जुन्या लाकडी ठकीची आठवण झाली. नटवून कोनाड्यात ठेवलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सहज म्हणून गेले, "आमची ठकी आज तरी बोलणार का?" वर्ग हसला, आणि ते नाव तिला चिकटले. बाईंनी ठेवलेले नाव मुले सहसा विसरत नाहीत. पुढे ती वरच्या शाळेत गेली, तिथेही ते तिच्यामागून गेले.

चौदा वर्षांनी, २०१४ च्या मे महिन्यात, तिची आई माझ्या घरी आली. मागे ठकी. आता चांगली उंच झालेली, पण उभी राहिली ती दाराच्या चौकटीला धरूनच.

"बाई, तुम्हीच सांगा हिला दोन शब्द," आई म्हणाली. "बारावी झाली, कॉलेजात एक वर्ष गेली, आता म्हणते विमानात नोकरी करणार. हवाईसुंदरी! हिच्या बाबांनी अन्न सोडलंय. उद्या लग्न कसं जमायचं हिचं?"

माझ्याकडे असे सल्ल्याला पुष्कळ पालक येतात. बालवाडीतल्या बाईंना सगळे कळते असा आमच्या गल्लीत समज आहे आणि तो खोडून काढण्याइतकी मी कधीच प्रामाणिक नव्हते. मी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एवढी शिकलेली पोर. विमानात ताटं उचलायला कशाला पाठवायची? शोभेची बाहुली करून ठेवतील तिला."

आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. चहा झाला. ठकी एक शब्द बोलली नाही. ती कधी बोललीच नव्हती, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही. दोन महिन्यांनी कळले, की तिने वडिलांची समजूत घातली, मामाकडून पैसे उसने घेतले आणि ती शिकायला हैदराबादला गेली. बाईंचा सल्ला ऐकला नाही म्हणून मी जराशी दुखावले, आणि नंतर विसरून गेले.

खरे म्हणजे 'हवाईसुंदरी' हा शब्दच मोठा फसवा आहे. ज्याने कुणी तो घडवला, त्याने कामाचे नाव ठेवण्याऐवजी रूपाचे ठेवले. या कामाची सुरुवात मात्र रूपापासून झालेली नाही. अमेरिकेत एलन चर्च नावाची एक परिचारिका होती. ती विमान चालवायला शिकली होती आणि तिला वैमानिकाची नोकरी हवी होती. बाईला वैमानिक करायला कंपनी तयार होईना. तेव्हा तिनेच सुचवले, की प्रवासी उडायला घाबरतात. परिचारिका बरोबर असल्या तर त्यांना धीर येईल. १५ मे १९३० रोजी ती पहिली हवाई सेविका म्हणून विमानात चढली, आणि तिच्या मागोमाग आणखी सात परिचारिका. म्हणजे या कामाच्या मुळाशी शुश्रूषा आहे, भ्यालेल्या माणसाला धीर देणे आहे. रूप, वय, वजन, अविवाहित असणे या अटी कंपन्यांनी लादल्या, आणि जगाच्या लक्षात तेवढ्याच राहिल्या. आपल्याकडेसुद्धा एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे हवाई सेविकेची नोकरी पहिल्या गरोदरपणाला संपत असे. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा १९८१ साल उजाडले होते. हे सगळे मी पुढे वाचले. सल्ला देताना मला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी स्वतः विमानात बसले ती २०१९ च्या जुलैत. तोवर आमच्यासारख्यांचे विमानात बसणे तितकेसे नवलाचे राहिले नव्हते. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतले पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला गेले, आणि मग तालेवार शहरांनाच माहीत असलेली विमाने लहान गावांनाही दिसू लागली. तासाभराच्या प्रवासाचे भाडे, निदान काही आसनांपुरते, अडीच हजारांच्या आसपास बांधून दिलेले. आमचे उजळाईवाडीचे विमानतळ तसे १९३९ सालचे, राजाराम महाराजांच्या वेळचे. पण आमच्या पिढीने तिथे विमानापेक्षा गवतच जास्त पाहिले होते. आता तिथून हैदराबादला विमान जाऊ लागले. माझी थोरली बहीण हैदराबादला असते. तिच्याकडे मी जाताना रात्रभर बसने गेले, कंबर धरून उतरले, आणि मेव्हण्यांना दया येऊन त्यांनी परतीचे विमानाचे तिकीट हातात ठेवले.

विमान पाहून माझी थोडी निराशाच झाली. चित्रात असते तसले ते अजस्र धूड नव्हे. पंख वर, त्याखाली दोन बाजूंना दोन पंखे, आणि आत जेमतेम सत्तर माणसांची जागा. चढायचे तेही मागच्या दाराने, चार पायऱ्यांवरून, थेट एस. टी.त चढल्यासारखे. शेपटीखाली एक काठी टेकवलेली होती. मागून माणसे चढताना विमान मागच्या मागे बसू नये म्हणून ती लावतात, असे पुढे कळले. त्या काठीने मला फार धीर दिला. ज्या वाहनाला काठीचा टेकू लागतो, ते आपल्यापैकीच आहे असे वाटले.

पायऱ्या चढून आत पाऊल टाकले आणि कुणीतरी म्हणाले, "बाई!"

मी वर पाहिले. चापूनचोपून बांधलेला अंबाडा, गळ्यात रुमाल, ओठांवर लाली. ओळखू आले ते डोळ्यांतल्या काजळावरून. मी काही बोलणार तोच माझ्या मागे कुणाची तरी ट्रंकेएवढी बॅग आली. ठकी हसली, माझी पिशवी घेतली, तिसऱ्या रांगेत मला बसवले आणि पुढच्या माणसाकडे वळली. बोलायला वेळ नव्हता. सत्तर माणसांना या दोघीच. दर पन्नास आसनांमागे किमान एक सेविका असा आपल्याकडे नियम आहे, म्हणून दोघी. नाहीतर, माझा अंदाज, एकीवरच भागवले असते.

आत चांगलेच उकडत होते. एक गृहस्थ सहाव्या रांगेतून उठून मागच्या रिकाम्या जागेवर खिडकीशी जाऊन बसले. ठकी त्यांच्यापाशी गेली आणि त्यांना परत मूळ जागेवर घेऊन आली. ते रागावले, "रिकामी तर आहे!" तिने हळू आवाजात समजावले, की विमान लहान आहे, वजनाचा तोल हिशेबाने साधलेला असतो. ते पुटपुटत बसले. मला माझ्या वर्गातला जूनचा पहिला आठवडा आठवला. मग ती पुढे येऊन उभी राहिली आणि हात पसरून सूचना दाखवू लागली: पट्टा असा लावा, असा सोडा, दारे इकडे आणि तिकडे. ध्वनिफितीवरचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी, हिचे नुसते हातवारे. सत्तर माणसांत तिच्याकडे बघणारी मी एकटी. कुणी मोबाईलमध्ये, कुणी झोपेच्या तयारीत. मला तिची कीव आली. मनात म्हटले, शेवटी मी म्हणाले तेच झाले. ठकी ती ठकीच. आता आवाजसुद्धा यंत्राचा.

तासभराचा प्रवास. त्यात तिने पाणी दिले, एका बाळाच्या आईला टेकायला उशी दिली, कागदी पेले गोळा केले. 'ताटं उचलायला' असे मी म्हटले होते. ती ते उचलीत होती. मग कोल्हापूर जवळ आल्याची घोषणा झाली, आणि ती पुढच्या भिंतीला लावलेल्या घडीच्या खुर्चीवर आमच्याकडे तोंड करून बसली. खांद्यांवरून पट्टे आवळले. पाठ ताठ. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. नजर आमच्यावरून पलीकडे कुठेतरी. एकोणीस वर्षांपूर्वी बालवर्गात बसायची तशीच, हुबेहूब. ओठ किंचित हलत होते. मला वाटले, तंद्री लागली हिची.

बाहेर आषाढातले ढग. खिडकीतून पाहते तो विमानाच्या पोटातून चाक बाहेर आलेले, आणि त्याखाली नुसता करडा कापूस. कापूस संपेल, आमची उसाची हिरवी शेते दिसतील, असे म्हणेपर्यंत एकाएकी दोन्ही पंखे गर्जू लागले, विमानाने नाक वर केले, पोटात खड्डा पडला, आणि चाक परत आत गेले.

क्षणभर कुणालाच काही समजले नाही. मग एक बाई ओरडली. बाळ रडू लागले. कुणीतरी "देवा, देवा" करू लागले. पाचव्या रांगेतला एक माणूस पट्टा सोडून उभा राहिला आणि वरची बॅग ओढू लागला. त्याचे पाहून आणखी दोघेतिघे उठले. विमान हेलकावे खात चढत होते. ती बॅग कुणाच्या डोक्यात पडली असती हे सांगता येत नाही. माझा हात माझ्या स्वतःच्या पट्ट्याच्या कडीवर गेला होता, हे मी कबूल करते.

"बसा! खाली बसा! पट्टा लावा!"

मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. त्यात विनंती नव्हती, राग नव्हता, घाई नव्हती. चाळीस पोरे एकदम दाराकडे धावली तर ज्या आवाजाने ती जागच्या जागी थांबतात, तो आवाज होता तो. मी तो ओळखला. उभे राहिलेले सगळे बसले. बॅग ओढणारा गृहस्थ असा बसला, की त्याला कुणी पाटीवर अंगठे धरून उभे करणार आहे. आणि सत्तावीस वर्षांच्या माझ्या नोकरीतला मान सांगते: मीसुद्धा हात काढून मांडीवर ठेवला.

काही मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला. धावपट्टी नीट दिसली नाही, म्हणून वर घेतले आहे, घिरटी घालून पुन्हा प्रयत्न करू, असा प्रकार नेहमीचा आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही सुखरूप टेकलो. टाळ्या पडल्या. दाराशी ठकी हात जोडून उभी होती. पुन्हा तेच हसू, तीच लाली. बॅगवाले गृहस्थ तिच्याकडे न बघता उतरले. मी म्हणाले, "भ्यायली नाहीस ग?"

"भीती घरी गेल्यावर वाटते, बाई," ती म्हणाली. "आता अर्ध्या तासात परत निघायचंय."

त्या वर्षी दिवाळीत भाऊबीज झाल्यावर तिला दोन दिवसांची रजा मिळाली. ती माझ्याकडे फराळाला आली. साधा पंजाबी ड्रेस, मोकळे केस, आणि दोन तास सरळ बोलत बसली. मी चकल्या पुढे करीत होते आणि शिकत होते.

मी तिला विचारले, की उतरताना तुझी तंद्री लागली होती का? ती हसली. म्हणाली, ती तंद्री नव्हे. चढताना आणि उतरताना प्रत्येक वेळी तेवढा अर्धा मिनिट मनात उजळणी करायची असते: आत्ता काही झाले तर दार कोणते, कडी कुठल्या बाजूला फिरते, बाहेर आग आहे का हे आधी बघायचे, कोणत्या रांगेत म्हातारे, कोणत्या रांगेत बाळ, मदतीला धट्टाकट्टा माणूस कोण. हात मांड्यांखाली ठेवायचे, म्हणजे दणका बसला तर ते मोडत नाहीत. दिवसाला चार उड्डाणे असली तर आठ वेळा उजळणी. "रोज आठ वेळा मी मनात अपघात घडवते, बाई, आणि रोज आठ वेळा तो होत नाही."

मग मी सूचनांचे विचारले. तेच ते रोज, ऐकायला कुणी नाही, कंटाळा येत नाही? ती म्हणाली, की प्रशिक्षणात प्रत्येक सूचनेचे कारण शिकवतात, म्हणून कंटाळा येत नाही. खिडकीची झडप उघडी ठेवा म्हणतात ती बाहेरचा जाळ आतून दिसावा म्हणून. रात्री उतरताना दिवे मंद करतात ते डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. पाठ सरळ करा म्हणतात ती मागच्या माणसाची वाट मोकळी राहावी म्हणून. मोठे विमान प्रवासाला योग्य ठरवताना निम्मी दारे बंद ठेवून सगळी माणसे नव्वद सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. त्या नव्वद सेकंदांत कुणी बॅग काढायला थांबला, तर त्याच्या मागच्यांचे सेकंद संपतात. आणि ते जीवरक्षक जाकीट, जे विमानाच्या आत फुगवू नका असे पुन्हा पुन्हा सांगतात? २३ नोव्हेंबर १९९६ रोजी इथिओपियाचे पळवून नेलेले एक विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडले. विमानात १७५ माणसे होती, त्यांतली १२५ गेली. पुष्कळांनी घाबरून जाकीट आतच फुगवले होते. पाणी आत शिरले तशी ती माणसे तरंगत छताला लागली, आणि त्यांना बुडी मारून दारापर्यंत येता आले नाही.

"त्या वाक्यामागे ती माणसं आहेत," ठकी म्हणाली. "म्हणून मी कुणी ऐको न ऐको, नीट सांगते."

मी गप्प बसले. मी वर्गात रोज सांगते: रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा, न्यायला आई आल्याशिवाय दाराबाहेर जाऊ नका, अनोळखी माणसाने दिलेला खाऊ घेऊ नका. पोरे सुरात 'हो बाई' म्हणतात आणि खिडकीतल्या कावळ्याकडे बघतात. ते कधी उपयोगी पडण्याची वेळ येऊ नये हीच माझी इच्छा असते. आमच्या दोघींचे काम असे एकच निघाले. मी ते पांढऱ्या साडीत करते, ती लालीत.

मग मी ते बोलून टाकले. म्हणाले, "मी तुझ्या आईला तेव्हा काहीबाही बोलले होते."

"शोभेची बाहुली," ती म्हणाली. शब्द जसाच्या तसा तिच्यापाशी होता. "सहा महिने, बाई. रोज सकाळी आरशासमोर तोंड रंगवताना तेच ऐकू यायचं. आणि अगदी खोटं नाही ते. वजन बघतात. अंबाड्यातला केस सुटला तर बोलतात. लालीचा रंगसुद्धा आपला नसतो. कुणी प्रवासी मुद्दाम हात लावतो, तरी हसू ठेवून सांगावं लागतं. पण आगीच्या खोलीत धुरात शिरायचं शिकवलं त्या दिवशी मला कळलं, की बाहुली वरून आहे. आत दुसरीच नोकरी आहे."

"आणि हा आवाज कुठून आणलास?"

ती जरा लाजली. प्रशिक्षणात पहिल्यांदा ओरडायला सांगितले तेव्हा तिच्या तोंडातून हवाच निघाली म्हणे. शिकवणारे म्हणाले, तुला माहीत असलेला सगळ्यात मोठा आवाज आठव आणि तसा काढ. "मला तुमचा आठवला," ती म्हणाली.

मी चकल्यांची थाळी उचलून आत गेले. थाळी भरलेलीच होती.

पुढच्याच वर्षी करोना आला. २५ मार्च २०२० पासून देशातली प्रवासी विमाने जमिनीवर बसली ती दोन महिने. या मुलींच्या पगारातला मोठा वाटा उडालेल्या तासांवर ठरतो. उड्डाण नाही तर पैसा नाही. ठकी खोलीचे भाडे कसेबसे भागवून कोल्हापूरला आली आणि आईच्या मशीनवर मुखपट्ट्या शिवू लागली. २५ मेपासून विमाने सुरू झाली आणि काही दिवसांनी तिला बोलावणे आले, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मुखपट्टी, वर पारदर्शक पडदा. तिने फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "बाई, आता लाली नाही, नुसता आवाज."

२ जानेवारी २०२४ ची बातमी तुम्हालाही आठवत असेल. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपानचे एक मोठे विमान तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. लहान विमानातले पाचजण दगावले. मोठ्या विमानात ३६७ प्रवासी आणि १२ कर्मचारी. विमान पेटले, धूर भरला, आतली ध्वनिव्यवस्था बंद पडली. सेविकांनी कर्णे घेऊन आणि कर्णे नव्हते तिथे नुसत्या गळ्याने ओरडून माणसे बाहेर काढली. सगळी ३७९ बाहेर आली. नंतर ते विमान जळून कोळसा झाले. ती दृश्ये बघताना मी घरात उभी राहिले होते. काय पाहताय, असे मुलाने विचारले. मी म्हणाले, "माझ्या धंद्यातली माणसं."

ठकी आता तिसाव्या वर्षात आहे. लग्न झाले, सासरच्यांनी आधी कुरकुर केली, मग सासूबाईच तिच्या विमानाने तिरुपतीच्या वाटेवर हैदराबादपर्यंत जाऊन आल्या आणि कुरकुर थांबली. आठवड्यातले काही दिवस ती नव्या मुलींना शिकवते. मध्ये तिचा फोन आला होता. म्हणाली, "बाई, पहिल्या दिवशी पोरी ओरडायलाच लाजतात हो. काय करू?" मी बालवर्गातली युक्ती सांगितली: आधी सगळ्यांना एकदम ओरडायला सांग, मग पाच-पाचजणींना, मग एकेकीला. जी सगळ्यांत मागे लपेल तिला शेवटी घे, पण सोडू नकोस. आणि तिला नाव ठेवू नकोस.

हे शेवटचे मी मला स्वतःला सांगितले होते. त्या फराळानंतर मी वर्गातल्या एकाही मुलाला टोपणनाव ठेवलेले नाही. या लेखात तिला ठकी म्हटले आहे ते तिला विचारूनच. ती म्हणाली, "लिहा की. विमानात मला त्या नावानं हाक मारणारं कुणी नाही, तेवढंच."

यंदा नरकचतुर्दशीला तिचे पहिले उड्डाण पहाटेचे आहे. तीनला उठून अभ्यंगस्नान, साडेतीनला गाडी दारात. फराळाचा डबा मी आठवडाभर आधीच पाठवला आहे. चकल्या मोडू नयेत म्हणून मध्ये कागद घातला आहे आणि वर चिठ्ठी लिहून ठेवली आहे: 'उघडण्यापूर्वी सूचना नीट वाचाव्यात.' सूचना एकच आहे. पण मला वाटते, ती वाचील.